'फ्रेश'नंतरचा स्लाय स्टोन कुठून ऐकायचा?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकन फंक (तालावर आणि बेसवर उभं असलेलं नाचरं संगीत) गायक-संगीतकार स्लाय स्टोनवरचा, ड्रमर आणि दिग्दर्शक क्वेस्टलव्हचा माहितीपट पाहिलात, मग 'स्टँड!'पासून १९७३च्या 'फ्रेश'पर्यंत सगळं ऐकून काढलंत. आता पुढचे अल्बम ऐकावेत का, असा प्रश्न आहे, कारण जिथे वाचावं तिथे 'फ्रेश'नंतर माणूस संपला एवढंच सापडतं.

ऐकाच. मी स्वतः कितीतरी वर्षं याच समजापायी ते ऐकले नव्हते आणि त्याची मला आजही हळहळ वाटते. पण क्रमाने आणि अपेक्षा घेऊन ऐकलेत तर तुमचीही निराशा होईल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी 'स्लाय अँड द फॅमिली स्टोन' हा मूळ बँड नीट आठवा. 'डान्स टू द म्युझिक'मध्ये एकेक वाद्य येऊन आपली ओळख करून देतं आणि एकेक आवाज पुढे येतो. बेसवादक लॅरी ग्रॅहमचा खर्ज, भाऊ फ्रेडीचा चढा सूर, मधूनच सिंथिया रॉबिन्सनची आरोळी. आपल्याकडे पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी असतात, ते ओळ उचलतात, शाहिराला दम घ्यायला उसंत देतात. स्लायने झीलकऱ्यांनाच पुढे आणून उभं केलं. काळे, गोरे, बाया, पुरुष, सगळे एकाच गाण्यात आळीपाळीने बोलतात. बहीण रोझ १९६८ साली आली आणि तो घाट पुरा झाला. या माणसाची सगळी रचनाच 'एकाने म्हणायचं, दुसऱ्याने उचलायचं' अशी आहे. तिचं मूळ लहानपणी भावंडांबरोबर म्हटलेल्या चर्चच्या गाण्यांत आहे.

मग माणसं गळत गेली. ड्रमर ग्रेग एरिकोने १९७१ साली बँड सोडला. 'देअर्स अ रायट गोइन ऑन'मध्ये स्लाय बराचसा एकटाच ताल-यंत्र लावून एकावर एक थर चढवत बसलेला आहे. १९७२मध्ये ग्रॅहमनेही सोडला. 'फ्रेश'मध्ये बेसवर रस्टी अॅलन आणि ड्रमवर अँडी न्यूमार्क आले. तिथपर्यंत सगळे वाहवा करतात. माझं म्हणणं असं की पुढेही गाणी आटली नाहीत, झील धरणारे आटले. हे लक्षात ठेवून ऐकलंत की या अल्बममध्ये काय जमलंय आणि काय फसलंय ते आपोआप कळत जातं.

सुरुवात 'स्मॉल टॉक'पासून करा (१९७४). मुखपृष्ठावर स्लाय, बायको कॅथी सिल्व्हा आणि तान्हा मुलगा. दोघांचं लग्न त्याच वर्षी जूनमध्ये न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, हजारो लोकांसमोर रंगमंचावर लागलं होतं. तो गाजावाजा इतका झाला की अल्बमकडेही लोक तमाशा म्हणूनच पाहायला लागले. मला तर हा त्याचा सगळ्यात घरगुती अल्बम वाटतो. पहिल्याच गाण्यात बाळाचे आवाज आहेत, मधूनच गप्पा आहेत, आणि खाली बेस निवांत चाललेला आहे.

इथे एक नवा आवाज येतो तो व्हायोलिनचा. सिड पेज हा वादक त्याने बँडमध्येच घेतला. या तंतुवाद्यांवरून त्या काळी आणि नंतरही बरीच नाकं मुरडली गेली. माझ्या मते अल्बमचा प्राण तिथेच आहे. ती वाद्यं गाण्याखाली गालिचा अंथरायला आणलेली नाहीत. 'टाइम फॉर लिव्हिन'' किंवा 'होल्डिन' ऑन' ऐकताना फक्त त्यांच्याकडे कान द्या. पूर्वी ब्रास, म्हणजे ट्रम्पेट-सॅक्सोफोन, आणि फ्रेडीचा आवाज जिथे ओळ उचलायचे, तिथे आता व्हायोलिन उचलतात. आडवे येतात, तोडून बोलतात. झील धरायला माणसं उरली नाहीत तेव्हा त्याने ती गजाकडून धरून घेतली. फंकमध्ये असं करणारा दुसरा मला माहीत नाही.

'कान्ट स्ट्रेन माय ब्रेन' हे माझं या अल्बममधलं सगळ्यात लाडकं गाणं. अतिशय संथ. फंकमध्ये पहिल्या मात्रेला, म्हणजे आपल्या समेला जे वजन द्यायचं असतं, ते इथे तो शेवटच्या क्षणापर्यंत हातात धरून ठेवतो आणि मग अगदी हलकेच खाली ठेवतो. मोबाइलच्या स्पीकरवर हे काहीच ऐकू येणार नाही. बेस गेला तर गाणंच गेलं, तेव्हा हेडफोन लावा.

'लूज बूटी'मध्ये बायबलमधल्या दानिएलच्या कथेतल्या, आगीच्या भट्टीत टाकूनही न जळालेल्या तिघांची नावं, शॅड्रॅक, मेशॅक, अबेडनेगो, हा जप सतत चालू असतो. पंधरा वर्षांनी, १९८९ साली, बीस्टी बॉइज या रॅप गटाने तोच तुकडा उचलून 'शॅड्रॅक' केलं, आणि पुढे १९९२ला 'टाइम फॉर लिव्हिन''ही आपल्या पद्धतीने गायलं. ज्या अल्बमला लोक उतार म्हणत होते, त्यातून पुढच्या पिढीने दोन गाणी घेतली.

शेवटचं 'धिस इज लव्ह' हे जुन्या डू-वॉप ढंगाचं आहे, गल्लीच्या कोपऱ्यावर उभं राहून चार-पाच जणांनी एकमेकांच्या सुरात सूर मिसळून गावं तसं. कॅलिफोर्नियातल्या व्हलेहो गावात शाळकरी वयात स्लाय 'व्हिस्केन्स' नावाच्या अशाच एका गटात गायचा, आणि तो गटही मिश्र वंशाचा होता. एकतीस वर्षांचा माणूस, बँड हातातून सुटत चाललेला, आणि अल्बम संपवताना तो परत तिथे जातो. मला ते गाणं एकदाही नुसतं चाल म्हणून ऐकता आलेलं नाही.

'रायट'मधला काळवंडलेला एकटा स्लाय समीक्षकांनी डोक्यावर घेतला. तोच एकटा माणूस पोराबाळात रमून गायला लागला तर त्याला ढासळला म्हणायचं, हे मला कधीच पटलं नाही. पण व्हायचं ते झालं. जानेवारी १९७५मध्ये न्यू यॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये कार्यक्रम लावले, बहुतेक खुर्च्या रिकाम्या राहिल्या, आणि त्यानंतर मूळ बँड मोडला. २००७मध्ये जुन्या अल्बमचा जो एकत्र संच निघाला तोही 'स्मॉल टॉक'पाशी थांबतो, सात अल्बम आणि पुढे काही नाही. नव्या श्रोत्याला वाटणारच की पुढे काही नव्हतंच.

पुढे 'हाय ऑन यू' आहे (१९७५). नावावर फक्त स्लाय स्टोन, पण फ्रेडी, सिंथिया, जेरी मार्टिनी अशी जुनी मंडळी वाजवताना सापडतात. हा सलग ऐकायला सगळ्यात सोपा अल्बम. 'आय गेट हाय ऑन यू' आणि 'क्रॉसवर्ड पझल' लावा, ब्रास कसा आवळून बांधलाय ते पाहा. 'ग्रीन आइड मॉन्स्टर गर्ल'मध्ये गाणारं कोणी नाही, ऑर्गनच बोलतो. रेडिओवर तबकड्या लावायच्या दिवसांपासून या माणसाचा हात कळफलकावर कसा फिरायचा ते इथे उघडं पडतं. 'दॅट्स लव्हिन' यू' मात्र रात्रीसाठी ठेवा.

१९७६चा 'हर्ड या मिस्ड मी, वेल आयॅम बॅक' तुम्ही वगळलात तरी चालेल. मूळ मंडळींपैकी एकटी सिंथिया उरली होती. मुखपृष्ठावर स्लाय एकटाच अंगावर सगळी वाद्यं लादून उभा आहे, आणि ऐकताना नेमकं तेच जाणवतं. मागे गाणाऱ्या डॉन सिल्व्हा आणि लिन मेब्री उत्तम आहेत, पुढे त्यांचाच 'ब्राइड्स ऑफ फंकेनस्टाइन' हा गायिकांचा गट झाला. पण त्यांना गाण्यात बोलायला जागाच दिलेली नाही. अल्बम विकला गेला नाही आणि एपिक या रेकॉर्ड कंपनीने करार संपवला.

मग तीन वर्षांनी, वॉर्नर या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीकडून, 'बॅक ऑन द राइट ट्रॅक' (१९७९). पुरता अर्धा तासही नाही. निर्मिती मार्क डेव्हिसची, आणि ती मला जरा जास्तच पुसून-घासून ठेवलेली वाटते. 'फ्रेश'मध्ये जो ओलावा होता, तो इथे नाही. पण 'रिमेंबर हू यू आर' लावा. रोझ आणि फ्रेडी परत आलेत, आणि ते मागून आत शिरले की स्लायचा आवाज दहा वर्षांनी तरुण होतो. मी वर झीलकऱ्यांचं म्हणालो त्याचा याहून मोठा पुरावा मला देता येणार नाही. एकटा असताना हा माणूस ओळ संपवता संपवता रेंगाळतो. उचलणारं कोणी आहे हे कळलं की तो ओळ नेमक्या जागी सोडून देतो.

शेवटचा 'ऐंट बट द वन वे' (१९८२). हा फंकाडेलिक बँडचा म्होरक्या जॉर्ज क्लिंटन याच्याबरोबर करायला घेतला होता. क्लिंटनचं वॉर्नरशी फिस्कटलं, तो बाहेर पडला, स्लायही नाहीसा झाला, आणि स्ट्युअर्ट लेव्हिन या निर्मात्याने जे हाती होतं त्यातून अल्बम पुरा केला. त्यामुळे सलग ऐकू नका. 'हाय, यॉल' ऐका, 'हू इन द फंक डू यू थिंक यू आर' ऐका. त्या दोघांची जोडी खरोखर काय करू शकली असती याची चुणूक फंकाडेलिकच्या १९८१च्या अल्बममधल्या 'फंक गेट्स स्ट्राँगर'मध्ये मिळेल, तेही यादीत टाका.

व्यसनाबद्दल मी मुद्दाम लिहिलं नाही. ते खरं आहे, तुम्ही माहितीपटात पाहिलंच आहे. पण व्यसनाची गोष्ट डोक्यात ठेवून ऐकलं की प्रत्येक सैल सूर पुरावा वाटायला लागतो, आणि 'स्मॉल टॉक'मधला सैलपणा तर मुद्दाम ठेवलेला आहे. जून २०२५मध्ये स्लायचं निधन झालं तेव्हाच्या बहुतेक लेखांत 'फ्रेश'नंतरची ही नऊ वर्षं दोन-तीन ओळींत गुंडाळलेली होती.

तर या आठवड्यात एवढं करा. 'कान्ट स्ट्रेन माय ब्रेन', 'टाइम फॉर लिव्हिन'', 'क्रॉसवर्ड पझल', 'दॅट्स लव्हिन' यू', 'रिमेंबर हू यू आर', 'धिस इज लव्ह', याच क्रमाने, हेडफोन लावून. मग पुन्हा 'डान्स टू द म्युझिक' लावा आणि कोण कुठे ओळ उचलतंय ते बोटांवर मोजा. 'होल्डिन' ऑन'मधली व्हायोलिन तुम्हाला कशी वाटली ते मात्र इथे येऊन जरूर लिहा.