माळकरी घरातला आहे, पण येशू मनाला भिडतो. तुम्ही ख्रिस्ती श्रद्धा का स्वीकारली किंवा का नाकारली?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. खानापूर भागातलं माळकरी घर, वय चोवीस, नोकरीला बेळगावात, दोन वर्षं मित्राबरोबर रविवारच्या प्रार्थनेला जातोस. येशू आवडतो, पण 'फक्त त्याच्याच द्वारे तारण' हे पटत नाही, प्रार्थनेनं आजार बरे होतात हेही पटत नाही, आणि तिथले पास्टर म्हणतात पुढच्या महिन्यात बाप्तिस्मा घेऊन टाक. माझ्या मुलाच्या वयाचा आहेस म्हणून तू म्हणते, राग मानू नकोस.

मी मानते. माझा सख्खा धाकटा भाऊ मानत नाही. माझे मिस्टर येशूला हात जोडतात, पण बाप्तिस्मा घेणार नाहीत. तुला एका माणसाचं उत्तर हवं होतं, मी घरातली तिन्ही सांगते, कारण एकट्या माझ्या उत्तरानं तुझी फसवणूक होईल.

आम्ही बेळगावचेच, घरात मराठी, मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंटांतला एक पंथ. बाप्तिस्मा आजोबांनी घेतला होता, मला तो पाळण्यात असतानाच मिळाला. संडे स्कूल, नाताळच्या करंज्या, गुड फ्रायडेला पांढरी साडी, सगळं केलं. पण त्याला मी विश्वास म्हणणार नाही. ती घरची सवय होती. विश्वासाचा प्रश्न आला तो अप्पांच्या आजारपणात.

अप्पांची किडनी गेली होती. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. त्या दिवसांत बाहेरून एक प्रचारक यायचे, आजाऱ्यांवर हात ठेवून प्रार्थना करायचे. ते अप्पांना म्हणाले, "मशीनवर भरवसा ठेवलात तर प्रभूवरचा भरवसा कुठे राहिला?" अप्पा साधे माणूस. दोन वेळा डायलिसिसला गेलेच नाहीत. तिसऱ्या रात्री त्यांना श्वास घेता येईना. भावानं त्यांना पाठीवर घेऊन जिना उतरवला, रिक्षात घातलं. त्या वेळी वाचले, चार महिन्यांनी गेले. मातीच्या दिवशी ते प्रचारक भावाला म्हणाले, घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडला. त्या दिवसानंतर भाऊ चर्चच्या पायऱ्या चढलेला नाही.

त्याच चार महिन्यांत, त्याच खोलीत माझं उलट झालं. अप्पांचे पाय इतके सुजायचे की बोट दाबलं तर खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. पवित्र गुरुवार होता, गुड फ्रायडेच्या आदला दिवस. चर्चला जाता आलं नाही, म्हणून मी प्लॅस्टिकच्या टबात कोमट पाणी घेऊन त्यांचे पाय धुवायला बसले. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात, येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो, ही गोष्ट मी दरवर्षी ऐकलेली. त्या दिवशी पहिल्यांदा मी स्वतः खाली बसले होते. टाचेच्या भेगांत माती होती, ती अंगठ्यानं हळूहळू काढत होते. अप्पा म्हणाले, "पुरे गं बाळ, पाणी गार झालं की." मला वाटलं, देव असेल तर तो असा खाली बसलेलाच असणार. त्यानं अप्पांना बरं केलं नाही. तरी त्याच्यावर भरवसा ठेवावासा वाटला, आणि तो आजवर टिकला आहे. हा पुरावा नाही, मला माहीत आहे. पण का मानतेस असं कुणी विचारलं तर माझ्याकडे सांगायला खरं असं हेच आहे.

आता माझी चूक. बरीच वर्षं मी भावाला म्हणत राहिले, तुला देवाचा राग आलाय, राग गेला की परत येशील. एकदा नाताळला तो करंज्या भरत बसला होता. हातातली लाटी खाली ठेवून म्हणाला, "अक्का, माझं न मानणं तू दुःखात मोजू नकोस. तुझं मानणं मी भीतीत मोजत नाही." मला ते फार लागलं, कारण खरं होतं. त्या प्रचारकांमुळे त्याचं मन उडालं, पण तो तिथेच थांबला नव्हता. त्यानं नंतर पुष्कळ वाचलं, विचार केला. त्याचं म्हणणं असं: एकाची डोकेदुखी थांबवायला देव येतो आणि शेजारच्या खाटेवरच्या लेकराला तसंच सोडतो, हे न्यायी देवाचं वागणं असू शकत नाही, आणि 'त्याची इच्छा आपल्याला कळत नाही' हे उत्तर नाही. याला माझ्याकडे तोडीस तोड उत्तर नाही. वधस्तंभावर देव स्वतः त्या खाटेवर आला, एवढं मी म्हणते. तो म्हणतो, त्यानं लेकराचं दुखणं थांबत नाही. तिथे आम्ही दोघंही गप्प होतो.

तेव्हा बरं होण्याबद्दल एवढंच सांगते: आजाऱ्यासाठी प्रार्थना कर, जरूर कर, मीही करते. पण जो औषध बंद करायला सांगेल त्याच्या वाऱ्याला उभा राहू नकोस, मग त्याच्या हातात बायबल असो नाहीतर आणखी काही.

मिस्टरांचं घर तुझ्यासारखंच. सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ, घरात रोज हरिपाठ. आमचं लग्न चर्चमध्ये लागलं. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात दोघांपैकी एक जण ख्रिस्ती असला तरी चालतं, त्यामुळे त्यांना बाप्तिस्मा घ्यावा लागला नाही. येशूचं डोंगरावरचं प्रवचन त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. अडतात ते तुझ्याच जागी, योहान १४:६, 'माझ्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही'. ते म्हणतात, "माझी आई आयुष्यभर विठ्ठलाचं नाव घेत गेली, ती कुठे गेली ते मला तुझ्या पुस्तकातून कळून घ्यायचं नाही."

मी त्या वचनाला पळवाट शोधली नाही. एवढं पाहिलं की ते कुठे बोललंय. शेवटचं जेवण झालंय, गुरू जाणार म्हणून शिष्य घाबरलेत, आणि थोमा विचारतो की आम्हाला वाट कशी कळणार. त्याला दिलेला तो धीर आहे, परधर्मीयांवर काढलेला फतवा नाही. तरी वचनाची धार आहे ती आहेच. कॅथलिक चर्चनं १९६५ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, दुसऱ्या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते आम्ही नाकारत नाही, असं लिहून ठेवलं. आमच्याकडचे काही पास्टर त्याहून कडक बोलतात. माझ्यापुरतं म्हणशील तर येशू हाच मार्ग असं मी मानते, आणि सासूबाईंचा न्याय मी करत नाही, तो अधिकार मला कुणी दिलेला नाही. मिस्टरांना हे अर्धवट वाटतं. वाटू दे.

ही ओढाताण आपल्याकडे नवीन नाही. लंडन मिशनरी सोसायटीची माणसं बेळगावात आली १८२० मध्ये. बाबा पदमनजी १८३१ मध्ये याच बेळगावात जन्मले आणि १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मराठीतली पहिली कादंबरी म्हणतात ती 'यमुनापर्यटन' त्यांचीच. १८८३ मध्ये पंडिता रमाबाईंनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि त्याच वर्षी आनंदीबाई जोशी डॉक्टरकी शिकायला अमेरिकेला निघाल्या त्या 'हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन' असं भर सभेत सांगून. दोघी नात्यातल्या, दोघी हुशार, दोघींना परदेशात ख्रिस्ती माणसांनीच आधार दिला. एकीनं होकार दिला, एकीनं नकार. कुणी कमी विचार केला असं मला म्हणवत नाही.

आणि कवी नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. नवऱ्यानं केलं म्हणून त्यांनी केलं नाही. वेगळ्या राहिल्या, परत आल्या तेव्हाही सोवळंओवळं धरून होत्या. जातपात देवानं केलेली नाही हे त्यांचं त्यांना उमगलं, मग १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. मला टिळकांपेक्षा त्यांच्या या पाच वर्षांचं जास्त अप्रूप वाटतं. टिळक स्वतः तुकारामाच्या वाटेनं ख्रिस्तापाशी आलो म्हणायचे, त्यामुळे घरातला गाथा फेकून यायला हवं असं कुणी तुला सांगत असेल तर त्याला टिळकांचे अभंग म्हणायला लाव. आमच्या उपासनेत आजही ते टाळावर म्हणतो.

म्हणून पुढच्या महिन्याची घाई मला पसंत नाही. कॅथलिकांत मोठ्या माणसाला महिनोन्‌महिने शिकवून बहुधा ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा देतात. दोन वर्षं थांबलायस, आणखी थांबलास तर येशू कुठे पळून जात नाही. कागदाचंही बघ. कर्नाटकात २०२२ मध्ये धर्मांतराबद्दल जो कायदा झाला त्यात तीस दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायची अट घातली होती. २०२३ च्या जूनमध्ये मंत्रिमंडळानं तो मागे घ्यायचं ठरवलं. आज काय लागू आहे ते बेळगाव कोर्टातल्या वकिलाला विचार, पास्टरांना नको. अनुसूचित जातीचा दाखला असेल तर १९५० च्या आदेशाप्रमाणे तो हिंदू, शीख आणि बौद्धांनाच राहतो, ख्रिस्ती झाल्यावर नाही. हे मला अन्यायाचं वाटतं, पण तुला आधी माहीत असायला हवं.

आणि आईला सांग. बाप्तिस्म्यानंतर नाही, आत्ताच, मनात काय चाललंय ते. ती रडेल, दोन दिवस जेवणार नाही. पण लोकांकडून कळलं तर तिला वाटेल की तू देव बदललास तेव्हा तिलाही सोडलंस.

प्रार्थनेला जाणं थांबवू का, असं शेवटी विचारलंयस. मुळीच नको. मार्कच्या शुभवर्तमानात, नवव्या अध्यायात, आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो की माझा विश्वास आहे, जिथे नाही तिथे मला मदत कर. त्याला येशूनं हाकलून दिलं नाही. तू ते पुस्तक मुळापासून वाच, कुणी निवडून दिलेली वचनं नकोत. मार्क सोळाच अध्यायांचा आहे, दोन संध्याकाळींत होतो. वाचून झालं की काय पटलं आणि काय नाही ते इथेच लिही. भावालाही वाचायला देते, आजार बरे होण्याच्या तुझ्या प्रश्नाला त्याचं उत्तर माझ्यापेक्षा सरळ असेल.