बारी बुवांची, व्हिडिओ कोणाचा?

प्रश्न : जत्रेतल्या आमच्या डबलबारीचं (दोन बुवांच्या भजनी सामन्याचं) एका यूट्यूब चॅनलवाल्याने न विचारता शूटिंग केलं. व्हिडिओ लाखभर लोकांनी पाहिला, जाहिराती लागल्या. पैशांचं विचारलं तर म्हणतो, 'कॅमेरा माझा, व्हिडिओ माझा.' एका गजराला (भजनाला) सिनेमातल्या गाण्याची चाल होती, त्यावर म्हणे गाण्याच्या मालकाचा क्लेमही (हक्काचा दावा) आलाय. – एक भजनीबुवा, कुडाळ

उत्तर : बुवा, त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. चित्रीकरणावर ते करणाऱ्याचा हक्क असतोच. पण गायलात तुम्ही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराच्या सादरीकरणाला वेगळा हक्क आहे आणि तो ५० वर्षं टिकतो. तुमच्या संमतीशिवाय रेकॉर्डिंग करता येत नाही, ते यूट्यूबवर चढवणं तर दूरच. जत्रा भरवणाऱ्या मंडळाने 'करा शूटिंग' म्हटलं असेल, तरी ती तुमची संमती नव्हे. पखवाजवाल्याची आणि कोरसची तर नव्हेच. त्यांनाही हाच हक्क आहे, आणि तो नेहमी विसरला जातो.

अडचण पुराव्याची आहे. समोर ट्रायपॉड दिसत असूनही बुवा गात राहिले, म्हणजे संमती होतीच, असं त्याचा वकील म्हणणार. म्हणून पुढची सुपारी (कार्यक्रमाचं बोलावणं) घेताना एक कागद करा : कोण शूट करणार, कुठे टाकणार, उत्पन्नात वाटा किती. अशी लेखी संमती दिल्यावर व्हिडिओ अडवता येत नाही, पण व्यावसायिक वापराची रॉयल्टी मागता येते. आत्ताचा व्हिडिओ मात्र काढायला लावू नका, असं माझं मत. पुढच्या सुपाऱ्या त्यावरूनच येतील. नाव आणि वाटा मागा. नाव लावण्याचा हक्क २०१२च्या दुरुस्तीने कलाकारालाही मिळाला आहे.

क्लेमला घाबरू नका. यूट्यूबची यंत्रणा नुसती चालही ओळखते. क्लेम आला की बहुधा जाहिरातींचे पैसे गाण्याच्या मालकाकडे वळतात, एवढंच. स्ट्राइक, म्हणजे हक्कभंगाच्या तक्रारीवरून यूट्यूबने चॅनलला दिलेली ताकीद, वेगळा : ९० दिवसांत तीन झाले, तर चॅनलच जाऊ शकतं. 'देवळात गायलो' हा बचाव इथे पुरत नाही. धार्मिक समारंभातल्या प्रत्यक्ष गायनाला कायद्यात सूट आहे, अपलोडला नाही. जुन्या पारंपरिक चाली घेतल्या, तर हा त्रास बहुधा होत नाही. (आणि खरं सांगू, कानालाही त्याच बऱ्या वाटतात.)

प्रश्न : कोकणातल्या कवींच्या कविता वाचून रील्स करते. परवानगी लागते का? – एक शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : कवी कोण, त्यावर. लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. मालगुंडचे केशवसुत १९०५ मध्ये गेले. त्यांच्या कविता खुशाल वाचा. आरती प्रभू १९७६ मध्ये गेले, म्हणजे २०३६ संपेपर्यंत वारसांची किंवा हक्कधारकांची परवानगी हवी. मागे वाजणाऱ्या संगीताचे हक्क वेगळे.

प्रश्न : दशावतारी नाटकातल्या संकासुर राक्षसाचं माझं जलरंगातलं चित्र इन्स्टाग्रामवरून उचलून कुणीतरी टी-शर्टवर छापून ऑनलाइन विकतंय. विक्रेता म्हणतो, संकासूर सगळ्यांचा. माझी नोंदणीही नाही. – एक चित्रकार, वेंगुर्ले

उत्तर : संकासूर सगळ्यांचा खराच. उद्या त्यालाही स्वतःचा संकासूर काढू दे! तुमच्या हातून उतरला तो मात्र तुमचा. चित्र पूर्ण झालं त्या क्षणीच हक्क तयार होतो, नोंदणीची सक्ती नाही. इन्स्टाग्रामला तुम्ही चित्र दाखवायची परवानगी दिलीत, ती टी-शर्टवाल्याला मिळत नाही.

आधी त्या पानाचे तारखेसकट स्क्रीनशॉट घ्या. मूळ फाइल, कच्ची रेखाटनं जपा. मग विक्री होते त्या संकेतस्थळाला लेखी तक्रार द्या. २०१३च्या नियमांनुसार, खात्री पटली तर त्यांनी ३६ तासांत ते पान बंद करायचं असतं. पण ही बंदी २१ दिवसांची. तेवढ्यात कोर्टाचा आदेश आला नाही, तर विक्री पुन्हा सुरू होऊ शकते. म्हणून तक्रार पाठवाल त्याच दिवशी वकिलालाही गाठा.