फाइल शेअर करणं ही सरळ चोरी असेल, तर कॉपीराइटच्या कायद्यांना एवढा विरोध का होतो?

तुम्ही विचारलंय की कुणाचं पुस्तक, गाणं, चित्रपट न विचारता वाटणं ही उघड चोरी आहे; मग इंटरनेटच्या स्वातंत्र्याचं नाव घेऊन लोक कॉपीराइटच्या कायद्यांना आडवे का जातात, आणि लेखक-कलाकारांच्या पोटावर पाय येतो त्याचं काय? मी स्वतः एका पुस्तकाची लेखिका आहे. त्या पुस्तकाची फुकट प्रत इंटरनेटवर फिरली आहे. आणि तरीही मी या आडव्या जाणाऱ्यांतलीच एक आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं पुस्तक दुर्बिणीचा आरसा घरच्या घरी कसा घासावा यावर आहे. लिहायला चार वर्षं गेली. छापून आल्यावर काही महिन्यांनी एका वाचकाने मला एक लिंक पाठवली. उघडून पाहते तर अख्खं पुस्तक, मुखपृष्ठापासून सूचीपर्यंत, स्कॅन केलेलं. बऱ्याच पानांच्या कोपऱ्यात पुस्तक दाबून धरणाऱ्याचा अंगठा आला होता. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात टिपा होत्या. ते पाहून घशात आवंढा आला. चार वर्षांचं काम कुणीतरी एका दुपारी स्कॅनरवर पालथं घातलं होतं. त्या दिवशी कुणी मला ‘ज्ञान सगळ्यांचं असतं’ असं ऐकवलं असतं, तर मी ऐकून घेतलं नसतं. त्यामुळे कलाकारांच्या पोटाची तुम्हाला वाटणारी काळजी मला परकी नाही.

मी तक्रार केली. त्या साइटवर एक फॉर्म होता. माझं नाव, पुस्तकाचं नाव, लिंक, दोन चौकोनांत खूण, खाली टाइप केलेली सही. पाच मिनिटांत झालं. दुसऱ्या दिवशी फाइल गायब. हायसं वाटलं, पण रात्री एक विचार मनात आला तो गेलाच नाही: ती लेखिका मीच आहे याचा पुरावा मला कुणीही मागितला नव्हता. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तरी ती फाइल साइटवरून तितक्याच सहज उतरली असती.

वर्षभराने तेच माझ्यावर उलटलं. पुस्तकाचं दुसरं प्रकरण मी माझ्या पानावर मोफत ठेवलं होतं. प्रकाशकाशी केलेल्या करारात तशी सोय मी मुद्दाम करून घेतली होती. पण प्रकाशकाने बेकायदा प्रती शोधायचं काम एका कंपनीला दिलं होतं. त्या कंपनीच्या सॉफ्टवेअरला माझ्या पानावर पुस्तकातला मजकूर दिसला आणि नोटीस गेली. माझं प्रकरण उतरवलं गेलं. वर इशारा आला की पुन्हा असं झालं तर खातं बंद होईल. माझं पुस्तक, माझं प्रकरण, माझं पान, आणि गुन्हेगार मी.

ते परत मिळवायला गेल्यावर मला हा कायदा खऱ्या अर्थाने कळला. मोठ्या सेवा बहुतेक अमेरिकेतल्या, म्हणून जगभर चालतो तो तिथला १९९८ सालचा डीएमसीए (डिजिटल मिलेनियम कॉपीराइट ॲक्ट) कायदा. त्यात सेवा देणाऱ्या कंपनीला संरक्षण आहे: लोकांनी काय अपलोड केलं याची भरपाई कंपनीकडून मागता येत नाही. पण अट अशी की तक्रार येताच तिने तो मजकूर ताबडतोब उतरवायचा. आता कंपनीच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. मजकूर तसाच ठेवला तर कोर्टकचेरीचा धोका, उतरवला तर धोका शून्य. तक्रार खरी की खोटी हे तपासत बसण्यात तिला काय मिळणार?

तक्रार करणाऱ्याला काय लिहून द्यावं लागतं? वापर बेकायदा आहे असं आपण ‘प्रामाणिकपणे मानतो’, एवढं. खोट्या शपथेच्या शिक्षेचा धाक फक्त एका वाक्याला आहे: मी हक्कधारकाच्या वतीने बोलतोय. उलट ज्याचं लिखाण उतरवलं त्याने दाद मागायची तर नाव, पत्ता, फोन नंबर द्यायचा, चूक झालीय असं खोट्या शपथेच्या शिक्षेवर लिहून द्यायचं, आणि अमेरिकेबाहेर राहत असाल तर अमेरिकेतल्या कोर्टाचा अधिकार आपल्यावर चालतो हेही मान्य करायचं. एवढं करून मजकूर परत यायला कामाचे १० ते १४ दिवस. तोवर तक्रारदाराने दावा लावला तर तेव्हाही तो परत येत नाही. मी तो फॉर्म तीनदा उघडला आणि तीनदा बंद केला. ‘अमेरिकेतल्या कोर्टाचा अधिकार मान्य’ या ओळीशी हात थांबायचा. चौथ्यांदा भरला. किती जण चौथ्यांदा उघडत असतील? विरोध सुरू होतो तो इथे. कॉपीराइट नसावाच म्हणणारे थोडे आहेत. बाकीच्यांचं म्हणणं एवढंच की आधी शिक्षा आणि मग सुनावणी ही उलटी रीत कशी चालेल, आणि तीही न्यायाधीशाऐवजी एखाद्या कंपनीच्या हातून?

हे माझ्यापुरतं नाही. २००७ साली अमेरिकेतल्या एका आईने आपल्या तान्ह्या मुलाचा नाचतानाचा २९ सेकंदांचा व्हिडिओ टाकला. मागे प्रिन्स या गायकाचं गाणं वाजत होतं, तेही धड ऐकू न येणारं. युनिव्हर्सल या संगीत कंपनीने नोटीस पाठवून तो उतरवायला लावला. त्या बाई कोर्टात गेल्या. नोटीस पाठवण्याआधी हा वापर ‘न्याय्य’, म्हणजे परवानगीविनाही कायद्यात बसणारा, आहे का याचा विचार करणं कंपनीवर बंधनकारक आहे, एवढं वदवून घ्यायला २०१५ साल उजाडलं.

आता ‘चोरी’ या शब्दाकडे येते, कारण तुमच्या प्रश्नाचा सगळा भार त्या शब्दावर आहे. माझ्या तोंडीही तेव्हा तोच शब्द होता. आता मी तो वापरत नाही. चोरीत वस्तू जाते. माझं पुस्तक माझ्याकडेच होतं. गेली ती विक्रीची शक्यता, आणि माझ्या पुस्तकाचं काय व्हावं हे ठरवायचा माझा हक्क. हे नुकसान खरंच आहे, फक्त वेगळ्या जातीचं आहे. १९८५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही हा फरक केला. एल्व्हिस प्रेस्लीच्या गाण्यांच्या विनापरवाना रेकॉर्डी विकणाऱ्या एका माणसावर चोरीचा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेल्याचा गुन्हा लावला होता. कोर्टाने सांगितलं की चोरीच्या मालाचा कायदा इथे लागू होत नाही. कॉपीराइटचा भंग ही निराळी गोष्ट आहे, तिला तिचा कायदा लावा.

हा शब्दाचा कीस नाही. एकदा ‘चोर’ म्हटलं की त्याच्याशी कसंही वागायला आपली हरकत उरत नाही. २००९ साली २४ गाणी शेअर केल्याबद्दल अमेरिकेतल्याच एका बाईंना ज्युरीने १९ लाख २० हजार डॉलरचा दंड सुनावला. एका गाण्यामागे ८० हजार डॉलर, जे गाणं तेव्हा ऑनलाइन साधारण एका डॉलरला विकत मिळत होतं. वरच्या कोर्टांत फिरून शेवटी तो आकडा २ लाख २२ हजारांवर आला. दुकानातून २४ सीडी खिशात घालून नेल्या असत्या, तर एवढी शिक्षा कुणी मागितली असती?

माझ्या दृष्टीने कॉपीराइट हा समाजाने लेखकाशी केलेला करार आहे. ब्रिटनमध्ये १७१० साली राणी ॲनच्या कारकिर्दीत पहिला कायदा आला, तेव्हा त्याच्या नावातच विद्येला उत्तेजन देणं हा हेतू लिहिलेला होता. नव्या पुस्तकाला मुदत होती १४ वर्षं. लेखक हयात असेल तर आणखी १४. त्यानंतर पुस्तक सगळ्यांचं. आज अमेरिकेत आणि युरोपीय संघात लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं, भारतात ६०. माझ्या पश्चात ६० वर्षं कुणी माझ्या परवानगीशिवाय माझं पुस्तक छापू नये, यात माझं काय भलं आहे हे मला खरंच कळत नाही. त्याची झळ मात्र मी सोसली आहे. आरसा घासायला मी ज्या जुन्या पुस्तकावरून शिकले ते कित्येक वर्षं बाजारात नव्हतं. प्रकाशन बंद पडलेलं, वारस कुठे आहेत कुणाला ठाऊक नाही. परवानगी द्यायला कुणी नव्हतं आणि मुदत संपलेली नव्हती. शेवटी मी ते कुणीतरी केलेल्या स्कॅनवरूनच वाचलं. तो स्कॅन नसता तर माझं पुस्तक झालंच नसतं.

गाणी एकमेकांना वाटायची सोय देणारं नॅपस्टर १९९९ ला आलं आणि २००१ ला बंद झालं, त्याच वर्षी बिटटॉरेंट हे फाइली वाटायचं तंत्र आलं. तो इतिहास तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. मला सांगायचंय ते एवढंच की हे तंत्र स्वतः चोर नाही. टॉरेंटमध्ये फाइलचे तुकडे होतात आणि ज्याच्याकडे जो तुकडा आला तो पुढे देतो. त्यामुळे एका सर्व्हरवर सगळा ताण येत नाही. लिनक्स या मोफत संगणक-प्रणालीच्या मोठमोठ्या फाइली आजही अशा वाटल्या जातात. व्हिडिओ रेकॉर्डरवरही हाच आरोप होता. १९८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने तो वाचवला, आणि ज्या चित्रपट कंपन्यांना तो नको होता त्यांनीच पुढे व्हिडिओ कॅसेटींवर भरपूर पैसा कमावला.

२०११ च्या अखेरीस अमेरिकेत ‘सोपा’ (‘स्टॉप ऑनलाइन पायरसी ॲक्ट’ची आद्याक्षरं) नावाचं विधेयक आलं. परदेशी साइटवर उल्लंघनाचा ठपका आला की तिचं नाव इंटरनेटच्या पत्त्यांच्या यादीतून अडवायचं, शोधयंत्रांनी ती दाखवायची नाही, जाहिराती आणि पैसे पोहोचवणाऱ्यांनी हात काढून घ्यायचा, असा तो बेत. चूक एका पानावर आणि टाळं अख्ख्या साइटला. १८ जानेवारी २०१२ ला निषेध म्हणून इंग्रजी विकिपीडिया दिवसभर काळा झाला, आणि दोनच दिवसांत विधेयक बाजूला ठेवलं गेलं. त्या काळ्या पानाकडे पाहताना पहिल्यांदाच वाटलं की हे भांडण आपलंही आहे.

युरोपीय संघाने २०१९ मध्ये वेगळा रस्ता धरला. लोक जे अपलोड करतात त्याची जबाबदारी मोठ्या प्लॅटफॉर्मवर टाकली. कायद्यात फिल्टर (अपलोड आपोआप तपासून अडवणारं सॉफ्टवेअर) हा शब्द नाही, पण एवढं सगळं माणसांनी तपासणं शक्य तरी आहे का? फिल्टर आवाजाचा, चित्राचा ठसा जुळवतो. ठसा जुळला की जुळला. हे उद्धरण आहे, टीका आहे, विडंबन आहे की वर्गात शिकवण्यासाठी घेतलंय, हे ठशात दिसत नाही. पोलंडने ही जबाबदारी टाकणाऱ्या कलमाला आव्हान दिलं. २०२२ मध्ये युरोपीय न्यायालयाने कलम कायम ठेवलं, पण कायदेशीर आणि बेकायदेशीर यांतला फरक न ओळखणारा फिल्टर चालणार नाही असंही बजावलं. फरक ओळखणारा फिल्टर मी अजून पाहिलेला नाही.

एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही म्हणून सांगते. अंधांसाठी पुस्तकाची ब्रेल किंवा श्राव्य प्रत करायलाही पुष्कळ देशांत परवानगी लागायची. अशा प्रती परवानगीविना करता याव्यात आणि एका देशातून दुसऱ्या देशात पाठवता याव्यात म्हणून २०१३ मध्ये माराकेश इथे वेगळा आंतरराष्ट्रीय करार करावा लागला. त्याला सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत. म्हणजे मोकळीक दिली म्हणून लेखन कोलमडत नाही.

कलाकारांच्या पोटाचं म्हणाल तर माझ्यासाठी हे असं आहे. अख्खं पुस्तक विकून कुणी पैसे करत असेल तर त्याला कोर्टात खेचा, मी साक्षीला येईन. साइट बंद करायचीच असेल तर ते न्यायाधीशाने करावं, दुसऱ्या बाजूचं ऐकून, आणि आदेश सगळ्यांना वाचता यावा. खोटी नोटीस पाठवणाऱ्याला तिची किंमत मोजावी लागावी. आज ती जवळपास शून्य आहे. मुदत कमी व्हावी. आणि हे मी प्रकाशकालाही सांगितलं: पुस्तकाची परवडणारी, कॉपी करण्यावर कुलूप नसलेली ई-प्रत काढा. काढली. ती घेतलेल्या दोघांनी मला कळवलं की त्यांनी आधी स्कॅन वाचला होता.

त्या स्कॅनबद्दल एक राहिलं. नोटीस पाठवण्याआधी पुरावा म्हणून मी तो डाउनलोड करून ठेवला होता. नंतर सावकाश पाहिला. आरसा किती खोल घासायचा त्याच्या तक्त्याशेजारी पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘इथे वक्रता त्रिज्या हवी, नाभीय अंतर नव्हे.’ वक्रता त्रिज्या म्हणजे आरसा ज्या गोलाचा तुकडा धरता येतो त्याची त्रिज्या; ती नाभीय अंतराच्या, म्हणजे आरशापासून प्रकाश एकत्र येतो त्या बिंदूपर्यंतच्या अंतराच्या, दुप्पट असते. तो तक्ता मी चुकवला होता आणि माझ्यासकट कुणाच्याही नजरेला ते आलं नव्हतं. दुसऱ्या आवृत्तीत तो सुधारला. त्या माणसाचे आभार मानावेत म्हणून मी त्या साइटवर त्याचं खातं शोधलं. माझ्या नोटिशीनंतर ते बंद करण्यात आलं होतं.