परजीवी जंतूंमधला फॉस्फेटचा साठा बघायला घन-अवस्थेचं एनएमआर का लागतं?

तुम्ही विचारलंय की जंतूची पेशी पाण्यानंच भरलेली असते, मग तिच्यातलं फॉस्फेट बघायला द्रावणाचं साधं एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात अणूंचे सिग्नल टिपायचं तंत्र) का पुरत नाही. माझी पीएचडी याच तंत्रावर झाली, तरी मला आधी दारव्ह्याकडचा आमचा कोठा आठवतो.

डीएपी या फॉस्फेट खताचं उघडं पोतं पावसाळ्यात ओल धरतं. "याचा तं गोटा झाला ना बापा," म्हणत बाबा ते जमिनीवर आपटायचे. फॉस्फेट तेवढंच, पण मोकळं उरलेलं नाही. जंतूतही तसंच होतं. ट्रिपॅनोसोमा, लेशमानिया या एकपेशीय परजीवींच्या पेशीत असिडोकॅल्सिसोम नावाच्या आम्लधर्मी पिशव्या असतात. त्यांत पायरोफॉस्फेट (जोडलेले दोन फॉस्फेट) आणि पॉलिफॉस्फेटच्या (जोडलेल्या अनेक फॉस्फेटच्या) साखळ्या कॅल्शियम, मॅग्नेशियमसोबत दाटीनं भरलेल्या असतात. द्रावणात रेणू सतत गरगरतात म्हणून सिग्नल टोकदार येतो. दाटीत अडकलेला रेणू हलत नाही, त्याचा सिग्नल पसरून जातो आणि साठा असूनही दिसत नाही.

यावरचा तोडगा 1958-59 साली निघाला: रेणू फिरत नाही, तर नमुनाच फिरवायचा, चुंबकीय क्षेत्राशी 54.7 अंशांचा कोन धरून. या कोनात वेगानं फिरवलं की पसरलेला सिग्नल पुन्हा टोकदार होतो; घन-अवस्थेचं एनएमआर म्हणतो ते हेच. झिर्कोनिया या कठीण सिरॅमिकची नळी तुरीच्या दाण्याएवढ्या जाडीची. तिच्यात पेशींचा लगदा दाबून भरायचा, टोपण लावायचं, हवेच्या झोतावर सोडायचं. लगदा एका बाजूला जास्त बसला तर नळी डगमगते, पुन्हा उपसून भरावी लागते. नीट बसला की सेकंदाला हजारो फेरे, आणि बारीक शिट्टी ऐकू येते. ती शिट्टी आली की जीव भांड्यात पडतो! निसर्गातला शंभर टक्के फॉस्फरस हा एनएमआरला दिसणारा फॉस्फरस-31च असतो, हे आपलं नशीब. 2002 साली इलिनॉय विद्यापीठातल्या गटानं याच पद्धतीनं या जंतूंमधला न दिसणारा साठा दाखवला.

याचं मोल मला घरातून कळलं. आमची म्हैस सर्रा या आजारानं गेली. गोमाशा चावल्या, ताप चढला, शेवटी ती जागच्या जागी गोल फिरत राहिली. तो जंतूही ट्रिपॅनोसोमाच. हाडं ठिसूळ झाल्यावर देतात ती बिसफॉस्फोनेट औषधं पायरोफॉस्फेटसारख्याच घडणीची असतात, आणि प्रयोगशाळेत त्यांनी या कुळातल्या जंतूंची वाढ रोखलेली आहे. म्हणून हा साठा नीट बघायला हवा.

तुम्ही स्वतः करणार असाल तर पेशी आधी आम्लात फोडू नका, लांब साखळ्या तिथंच तुटतात. ताज्या पेशी सेंट्रिफ्यूजवर खाली बसवा आणि तशाच नळीत भरा.