चाईवर लसूण चोळावा का?

प्रश्न : माझ्या 9 वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर रुपयाएवढी चाई पडली आहे, म्हणजे तेवढ्या गोलातले केस गळलेत. सासूबाई लसूण चोळायला सांगतात. चोळू का?

उत्तर : नको. कातडी भाजते, फोड येतात. आधी ती जागा उजेडात बघा. गुळगुळीत, कोंडा नाही, कडेचे तुटके केस मुळाशी बारीक, तर बहुधा चाईच. केस किडा खातो म्हणतात, पण किडा-बिडा काही नसतो. शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते. खपल्या, खाज, तुटके खुंट दिसले तर मात्र बुरशीची शंका घ्या. तिला नुसतं मलम पुरत नाही, पोटातून औषध लागतं. म्हणून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवाच. चाईच असेल तर मुलांना बहुतेकदा स्टेरॉइडचं लोशन देतात, मोठ्यांना दर 4 ते 6 आठवड्यांनी चट्ट्यात स्टेरॉइडचंच इंजेक्शन. एखाददुसरा चट्टा वर्षभरात आपोआपही भरतो. नवे केस सुरुवातीला पांढरे आले तरी घाबरू नका, बहुधा पुढे काळे होतात.