शिसं उडालं ते ओलाव्यामुळे

प्रश्न : पागाच्या (मासे धरायच्या फेकजाळ्याच्या) गोळ्यांसाठी भंगारातलं शिसं चुलीवर वितळवून लाद्या ओततो. परवा ओतताना ते फटकन उसळलं. असं का? (एक वाचक, मालवण)

उत्तर : दादा, साचा दमट असणार. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. त्याखाली सापडलेल्या पाण्याच्या थेंबाची क्षणात वाफ होते आणि ती शिसं तोंडावर उडवते. साचा आणि भंगार आधी खडखडीत वाळवा. चष्मा, बंद बूट हवेतच. कढई लोखंडी घ्या, ती पुन्हा स्वयंपाकात कधीच नको. बॅटरीच्या प्लेटा अजिबात वितळवू नका. वितळलेल्या शिशावरची राखाडी मळी विषारी असते, झाकणाच्या डब्यात भरा. आणि घरात लहान मूल असेल तर कळकळीनं सांगतो, चूल घरापासून लांब, उघड्यावर मांडा; कामाचे कपडेही वेगळे धुवा.