‘फ्लक्च्युएट’ मराठीत आणताना

नव्याने बातम्यांचा अनुवाद करू लागला आहात, तेव्हा ‘फ्लक्च्युएट’ आले की नुसते ‘बदलणे’ लिहून मोकळे होऊ नका. लॅटिनमध्ये ‘फ्लुक्टुस’ म्हणजे लाट आणि तिचे मूळ ‘फ्लुएरे’, म्हणजे वाहणे. फ्लुइड, फ्लुएंट हे त्याचेच भाऊबंद. म्हणून जिथे वरखाली होणे आहे, पण त्याला ठरावीक ताल नाही, तिथेच हे क्रियापद शोभते. नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्याचा भाव आवकेप्रमाणे आज चढतो, उद्या उतरतो, परवा पुन्हा सावरतो. तिथे ‘भावात चढउतार होत आहेत’ असेच लिहावे. भाव सलग चढत गेला असेल तर ती वाढ होय, आणि हा भेद मला फार मोलाचा वाटतो, कारण बातमी वाचून माल काढायचा की थांबायचे, हे शेतकरी ठरवत असतो. लंबकाच्या नियमित झोक्यासाठी मात्र इंग्रजीत ‘ऑसिलेट’ आहे. त्याला ‘आंदोलन’ म्हणावे.